खालचा पैलवान

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या पिढीतल्या बायकांना लागलेली शिस्त. त्यांचं घ्यायचं नाही तर मग कुणाचंच कशाला घ्या, असं मी ठरवलं. या लिखाणात सगळेच बिननावाचे आहेत, तेव्हा कुणी रुसायचं कारण नाही.

आमचे हे चित्रं काढायचे. कोल्हापुरात महाराजांमुळे तेव्हा कुस्तीला आणि कलेला बरे दिवस होते, आणि आमच्या चुलीला दोन्हींचा आधार होता. सरदारांच्या तसबिरी, देवादिकांची चित्रं, तालमींतले मारुती, यावर आमचं चालायचं. रंग घोटायचं काम माझ्याकडे. आजऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा नुसतं घोटत होते. मग हळूहळू आभाळ भरायला लागले, मग लुगड्यांचे काठ. "तेवढं आभाळ भरून टाक," असं म्हणून हे पान खायला जायचे आणि परत येईपर्यंत आभाळाखाली डोंगर, दोन झाडं आणि एखादं गाढवसुद्धा उभं असायचं. हे आले की पान चघळत बघायचे. गाढव तसंच ठेवायचे.

मग घरात कॅमेरा आला. शिसवी लाकडाची पेटी, पुढे भिंग, भिंगावर पितळी टोपण. टोपण काढायचं, अंक मोजायचे, टोपण लावायचं, झालं आतल्या काचेवर चित्र. माझी कोठीची खोली गेली, तिच्या खिडकीला काळं फडकं लागलं. लोणच्याच्या चार बरण्या गेल्या, त्यांत औषधी पाणी आलं. मी पाचवी बरणी धान्याच्या कणगीत लपवली म्हणून त्या वर्षी आम्हाला लोणचं मिळालं. पण बरण्यांचं दुःख मी गिळलं असतं. हे एक दिवस रंगांची पेटी सुतळीनं बांधून दाराशी ठेवून मोकळे झाले.

"आता रंगाचं काम संपलं," ते म्हणाले. "रंग म्हणजे माणसाचा अंदाज. काच खोटं बोलत नाही."

पेटी हातकणंगल्याच्या एका पाट्या रंगवणाऱ्याला द्यायची ठरली. तो नागपंचमीनंतर येऊन नेणार होता. त्या पेटीत तेलाचे रंग होते, डिंकाचे रंग होते, खारीच्या केसांचे कुंचले होते आणि माझी पंधरा वर्षं होती. पण पेटी त्यांची. मला कुणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. फक्त त्या दिवसापासून आमटीत मीठ कमीजास्त व्हायला लागलं.

अशात पेठेतल्या तालमीचे वस्ताद आले. मोठं मैदान त्यांच्या पठ्ठ्यानं मारलं होतं. हा पठ्ठ्या माझ्या माहेरचा, आजऱ्याचा. मला आक्का म्हणायचा आणि घरी आला की भाकरी मागून घ्यायचा. त्यानं समोरच्या पैलवानाला घिस्सा डाव मारून चीत केलं होतं, आणि तो क्षण तालमीला भिंतीवर हवा होता. नागपंचमीला मारुतीसमोर लावायचा. वस्ताद मुसलमान, पण मारुतीच्या तेलाला त्यांचा खाडा कधी पडला नाही.

"चित्र नगं, पेंटर," ते म्हणाले. "चित्रात काय, कुनीबी कुनालाबी पाडतंय. फोटू पायजे. दुनियेनं म्हनाय पायजे, व्हय, असंच झालतं."

ह्यांची छाती फुगली. "वस्ताद, उद्याच घेऊन या दोघांना."

"दोघं कोन?"

"म्हणजे, वरचा आणि खालचा."

वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. ज्याला पाडलं तो कशाला परत येतोय पडायला? आणि तालमीतलं दुसरं कुणी? "चाळीस पोरं हाईत माझ्या तालमीत," वस्ताद म्हणाले, "पन खाली पडनारं एक न्हाय. मातीला लागलेली पाठ उद्या पुसून टाकता येती. काचंला लागली की लागलीच की!"

तेव्हा माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं, की चित्रात हरायला माणूस लागत नाही. आमच्या ह्यांनी आजवर कितीतरी पैलवान मनानंच उताणे पाडले होते आणि कुणाची पाठ दुखली नव्हती. फोटोला मात्र कुणीतरी खरोखर पडावं लागतं.

वस्तादांनी दोन दिवस माणूस शोधला. दूधवाल्याला विचारलं, तो म्हणाला, माझी सोयरीक जमायचीय. वखारीतल्या हमालाला विचारलं, तो म्हणाला, पोती वाहीन, पैलवान न्हाय वाहनार. एका पावण्याला रस्त्यात अडवून विचारलं, तर तो भांडायलाच उठला. शेवटी वस्ताद आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. हे अंगानं काडी, पण उंचीला पैलवानाच्या बरोबरीचे.

"तुम्हीच पडा की," मी म्हणाले.

"आणि कॅमेरा?"

"टोपण काढायचं आणि अंक मोजायचे. मला बारापर्यंत येतात."

दुसऱ्या दिवशी तालमीतून आठ पाट्या लाल माती आली आणि अंगणात पसरली. दुसऱ्या मातीवर आमचा आजरेकर उभा राहायला तयार नव्हता. आखाड्याची माती असल्यामुळे बाईमाणसानं त्यावर पाय ठेवायचा नाही. म्हणजे माझ्याच अंगणात मला बंदी. बरं, मी ओसरीच्या कडेला कॅमेऱ्याशी उभी राहिले, तर वस्ताद खाकरले.

"वैनी, पोरगं लंगोटावर हाय. तुमी बघू नगा."

"मग फोटो कसा घेऊ?"

"फोटू ते खोकं घील की. तुमी तिकडं तोंड करा."

खोक्याला बघायची मुभा, मला नाही. मी भिंतीकडे तोंड केलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एक हात मागे नेऊन टोपण चाचपलं. मागे काय चाललंय ते कानांनीच समजत होतं. आधी ह्यांचं धोतर सोडून लंगोट कसण्याची कुरकुर. मग "असं न्हाय, पाठ टेका, पाठ." मग "तोंड तुळशीकडं करा, म्हंजे कोन हाय कळनार न्हाय." मग पैलवान वर आला असावा, कारण ह्यांच्या तोंडून सायकलच्या चाकातून हवा जाते तसा आवाज आला.

"मोज!" हे ओरडले.

मी टोपण काढलं. एक.

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण समोरच्या भिंतीशी, दाराच्या बाजूला, ती सुतळीनं बांधलेली पेटी होती. दोन, म्हणताना माझी नजर तिच्यावर गेली. तीन म्हणायला मला घाई वाटेना.

"अगं, लवकर मोज!"

"मधे बोलू नका, फोटो हलतो," मी म्हणाले. चार.

"आक्का, सावकाश मोज," वरून आवाज आला. "मला कायबी तरास न्हाय."

बारा म्हणून मी टोपण लावलं तेव्हा ह्यांचं उजवं मनगट मोडायच्या बेतात आलं होतं. वस्ताद म्हणाले, झकास. पुन्हा एकदा घेऊ, असं हे कण्हत कण्हत म्हणाले, तर वस्तादांनी हात जोडले. "डाव एकदाच पडतो, पेंटर. दुसऱ्यांदा मारला की त्यो नाटकी झाला."

काच धुवायला कोठीत मी आणि हे असे दोघं. त्यांचा हात आंबेहळदीच्या लेपात, म्हणून बरण्या मी हलवत होते. मग काचेखाली कागद घालून गच्चीत उन्हात धरला. हळूहळू पैलवान आला. मांड्या आल्या, दंड आले, घिस्सा तर असा सुरेख, की वस्तादांनी ओवाळावं. आणि त्याच्या खाली, तोंड तुळशीकडे नव्हे तर सरळ भिंगाकडे करून, डोळे फाडून, तोंडाचा आ करून आमचे हे. लवकर मोज, असं म्हणतानाचे. कॅमेऱ्याशी मी एकटीच, म्हणून त्यांना राहवलं नव्हतं. अंक चुकतायत का ते बघायला मान वळवली ती वळवलीच, आणि मी इतकं सावकाश मोजलं होतं, की त्यांच्या चेहऱ्याची रेघन् रेघ उमटली होती.

मी हसायला लागले. इतकी हसले, की पायरीवर बसावं लागलं. हसू आवरून मी म्हणाले, "काच खोटं बोलत नाही."

ज्यांनी हे वाक्य मला महिनाभर ऐकवलं होतं, त्यांनी ती काच उचलली आणि आडाशेजारच्या दगडावर आपटली. उरला तो एक कागद.

नागपंचमी परवावर आली. वस्ताद दारात येऊन विचारून गेले. त्या कागदावरचा खालचा माणूस पैलवान करायला हवा होता, आणि ज्या हाताला ते जमलं असतं तो हात गळ्यात बांधलेला. हे पेटीकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे बघत होते. मी जाऊन सुतळी सोडली.

डिंकाचे, पाण्यात कालवायचे रंग घेतले. काडीसारख्या हातांवर दंड चढवले, बरगड्यांवर छाती चढवली. चेहरा कुणाचा काढायचा, हा पेच होता. खऱ्या हरलेल्याचा काढला तर त्याची तालीम आमच्या दारात येणार. म्हणून मी कुणाचाच नाही असा एक चेहरा काढला, गलमिशा घातल्या, डोळे मिटवले. हे शेजारी बसून, "सावली उजवीकडे, उजवीकडे," एवढंच म्हणत होते.

नागपंचमीला फोटो लागला आणि पेठ लोटली. खालचा कोण यावर लोकांत वाद लागले. कुणी म्हणे मिरजेकडचा, कुणी म्हणे सीमेवरचा कानडी गडी. दोन तालमींनी तर तो आपलाच, अशा संशयानं आपसात भांडणं केली. वस्तादांना सगळं माहीत होतं. पण वर्षभरात तेही त्या गलमिशावाल्या पैलवानाबरोबरची कुस्ती पहिल्या सलामीपासून रंगवून सांगायला लागले. हे सगळं मला ऐकून माहीत. तालमीत बायकांना जायचं नसतं. माझं पहिलं अख्खं काम त्या भिंतीवर होतं आणि पेठेत ते बघायचं राहिलं होतं ते फक्त आम्हा बायकांचं.

चार दिवसांनी हातकणंगल्याहून पाट्यावाला आला. मी आतून दाराला कान लावून ऐकत होते.

"पेटी न्यायला आलोय," तो म्हणाला.

"पेटी वापरात आहे," हे म्हणाले.

मला त्यांनी याबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून फोटो ते घेत आणि रंग मी भरत असे. नवरींचे शालू, जहागीरदारांचे फेटे, बाळांचे गाल. पाटीवर नाव त्यांचंच. आमटी सुधारली.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर कोल्हापुरातल्या निम्म्या घरांचे फोटो आमच्या कपाटात होते आणि त्यांचा एकही नव्हता. जन्मभर ते भिंगाच्या मागे. मी रागानं दोन दिवस जेवले नाही. राग कुणावर, ते मलाही सांगता आलं नसतं.

आणि मग एका श्रावणात वस्ताद काठी टेकत आले. काखेत कापडात गुंडाळलेली चौकट.

"वैनी, घोटाळा झालाय," ते म्हणाले. "चौकटीची काच फुटली, मग पोरांनी भक्तीनं वल्या फडक्यानं पुसून पुसून... खालचा पैलवान बदललाय."

कापड सोडलं. वरचा आजरेकर होता तसाच. खाली माझे दंड गेले होते, छाती गेली होती, गलमिशा गेल्या होत्या. डोळे फाडून, आ करून, हे माझ्याकडे बघत होते.

"पोरं हसत्यात. नागपंचमीच्या आत तेवढा रंगवून द्या," वस्ताद म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, काठी उचलली आणि ते ओसरीवर जाऊन बसले.

रंगवून तर द्यायचाच होता. तालमीचा फोटो होता तो, आणि कामही माझंच होतं. पण आधी मी कोठीतून कॅमेरा काढला, शिल्लक होती ती काच घातली, आणि चौकट उजेडात, तुळशीसमोर उभी केली. या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. टोपण काढलं आणि त्यांच्या डोळ्यांत बघत मोजायला लागले. लवकर मोज, लवकर मोज, असं ते तिकडून ओरडतच होते. मी अजिबात घाई केली नाही.