पहिल्या पानाचा गुडघा

मेलकावेरीच्या सेतुरामरावांकडे मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: तंजावरच्या दरबारात कारकून असलेले पणजोबा आणि पंगतीतलं पहिलं पान. पणजोबांनी निदान कागद तरी खरडले असतील. यांनी पहिल्या पानावर बसण्यापलीकडे काही केल्याचं मला आठवत नाही. आम्हा कुंभकोणमच्या मराठी घरांत रीत अशी, की पहिल्या पानावरचा ज्येष्ठ उठल्याखेरीज कुणी उठायचं नाही. ताकभात संपला की राव पणजोबांच्या गोष्टी काढत आणि चाळीस माणसं हात सुकवत बसत.

सत्तावन्न साली त्यांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर शंकरनारायण यांनी तमिळमध्ये नीट समजावलं, "हाडांमधली गादी झिजली आहे, हाडावर हाड घासतं. परदेशात सांधा काढून धातूची बिजागरी बसवून बघताहेत म्हणे. आपल्याकडे ते नाही. मद्रासला दोन्ही हाडं जोडून पाय कायमचा सरळ करतील. कळ थांबेल, चालाल. गुडघा मात्र वाकणार नाही."

"म्हणजे मांडी?"

"मांडी विसरा. खुर्चीवर जेवा."

घरी बायको मंगलाबाई म्हणाल्या, "करून घ्या कीं. दिवसभर कण्हतां."

"आम्ही खुर्चीवर, आणि पहिल्या पानावर तो गुरुमूर्ति? नको तें."

गुरुमूर्ति त्यांचा धाकटा चुलतभाऊ. त्याला पहिल्या पानाची काडीइतकी हौस नव्हती, पण हे रावांना पटणं शक्य नव्हतं.

पुतणीच्या लग्नात राव ओठ चावत पहिल्या पानावर बसले. जेवले. उठायला गेले तर गुडघा दाद देईना. लगेच त्यांनी पणजोबा काढले. एक गोष्ट झाली, दुसरी झाली, तिसरीत घामाने चेहरा निथळला. दाराशी बायका भुकेल्या उभ्या होत्या. गुरुमूर्तीने जेवण संपल्याची खूण म्हणून पान दुमडलं आणि तो उठला. मग त्याच्या शेजारचा. मग, खोटं कशाला सांगू, मीही. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटत होतं, आणि ते रावांना दिसलं.

चाळीस पानांसमोर ते एकटे उरले. त्या माणसाची मला प्रथमच कीव आली.

मंगलाबाई पुढे झाल्या.

"मद्रासला जाऊं," राव हळू म्हणाले. "आतां मांडी घालून बसूं तरी कुणापुढें?"

"आधीं इथून उठा," मंगलाबाई म्हणाल्या. "आम्ही सकाळपासून उपाशी आहों."