पुढे आखूड, मागे लांब

आमच्या मामांनी आयुष्यभर लोकांच्या पाठी झाकल्या. त्यांच्या शिलाईच्या दुकानात मी शेजारच्याच मशीनवर बसते, त्यामुळे ही कला मला जवळून माहीत आहे. वाकलेल्या माणसाने साधा शर्ट घातला की पुढची कड लोंबते आणि मागची वर चढते. मामा अशा माणसाचं माप घेताना अवाक्षर काढत नाहीत. पुढचा भाग आखूड बेततात, मागचा लांब. शर्ट अंगावर झकास बसतो आणि गिऱ्हाईक आरशात बघून खूश होतं. आपल्या पाठीचं काय चाललंय, हे त्या बापड्याला कळतच नाही. मला हा प्रकार लबाडीचा वाटायचा, पण मामांशी तोंड कोण वाजवणार?

त्यांची स्वतःची मानही पुढे येत चालली होती. मांडीवर कापड, कापडावर डोळे, दिवसभर तेच. खांदे दुखून रडकुंडीला आले, तेव्हा मामीने त्यांना धरून फिजिओथेरपीच्या बाईंकडे नेलं. मीही गेले.

बाई म्हणाल्या, "छातीचे स्नायू आखडलेत, ते खांद्यांना पुढे ओढतायत. पाठीचे सारखे ताणलेले राहतात, म्हणून दुखतात. स्नायूंभोवतीचं आवरणसुद्धा ताठर होत चाललंय. आत्तापासून रोज व्यायाम केलात तर बरंच सैल होईल. उशीर केलात तर मात्र सांगता येत नाही."

"हातातलं काम संपू दे," मामा म्हणाले. शिंप्याच्या हातातलं काम कधी संपतं का? मामी बोलून बोलून थकली. पण मामांचा शर्ट इतका नीट बसायचा, की हळूहळू आम्ही सगळेच निर्धास्त झालो.

परवा मामीने त्यांच्या वाढदिवसाला बाजारातून तयार शर्ट आणला. "एकदा दुसऱ्याच्या हातचा घालून मिरवा की!" मामांनी हसत हसत घातला. पुढची कड मांड्यांवर लोंबली, मागे कमरेचा पट्टा उघडा पडला. मामीचं हसू मावळलं.

"शिलाई भिकार आहे," मामा म्हणाले.

"सरळ उभे राहा बघू," मामी म्हणाली.

मामा भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दात आवळून त्यांनी मान मागे रेटली, कपाळावरची शीर फुगली. डोकं काही भिंतीला टेकेना. मामीने मध्ये हात घातला, तो सहज आरपार गेला. कड होती तिथेच लोंबत राहिली. मला फार भीती वाटली.

मी नकळत माझ्या कुर्त्याकडे पाहिलं. कड पुढून मागून अगदी एका रेषेत होती. पण माझे सगळे कुर्ते मामाच शिवतात.

"मामा, माझा कुर्ता पुढे किती कमी करता?"

मामा शर्टाची बटणं काढत राहिले.

"आधी बोटभर करायचो," ते म्हणाले. "यंदा दोन बोटं केलाय."