दोनदा मेलेली सापीण

“आवं, डोकं ठेचा त्याचं, डोकं!” चुलती बाजेवर चढून बोंबलत होती आणि खाली चुलता काठी चालवत होता. पहिल्याच तडाख्यात काचेची बरणी फुटली, स्पिरिटचा लोंढा अंगणात सुटला आणि त्याच्याबरोबर सापही सरकला. सरकला म्हणजे जिवंत, हा शहागडचा कायदा.

“काका, मेलेला हाये तो! आठ दिवस झाले मरून!”

“मेलेला हाये तर तुझं काय दुखून राह्यलं?” काठी पुन्हा पडली.

दुखण्यासारखंच होतं. कोकणात बोटींच्या जाळ्यात अडकून मरणारे समुद्री साप गोळा करायची माझी नोकरी. किती मरतात ते आम्ही लिहून ठेवत होतो. पण मादी एका खेपेला किती पिल्लं घालते हे कळल्याशिवाय एवढं मरण त्या जातीला झेपतं का, ते कसं कळणार? आधी हे शोधा, असं औरंगाबादचे आमचे सर सांगून थकले होते. तीन वर्षांत पोटुशी अशी ही एकच हाती लागली. तिला सरांकडे नेता नेता मी एक दिवस घरी थांबलो, आणि पोराने मासळी आणली असेल म्हणून चुलत्याने पिशवी उघडली.

शेजारचे चौघे कुऱ्हाड, मुसळ घेऊन धावले. चुलत्याची काठी तीन जागी मोडली. एक तुकडा गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यात पडला; यात एक अक्षर खोटं न्हाई. मंग मुसळ पोटावर बसलं आणि पोट फाटलं. एक पिल्लू बाहेर आलं, पट्ट्यापट्ट्यांचं, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचं. त्यामागून दुसरं.

“थांबा, मोजू द्या!” म्हणत मी मध्ये पडलो, तर मुसळ माझ्याच मनगटावर बसलं. हाड वाजलं. चुलता एकेक पिल्लू ठेचत गेला. सगळ्यांचा मिळून लगदा झाला. मारलेला साप जाळायचा असतो म्हणून वर काडी लावली. स्पिरिट असं भडकलं की चुलत्याच्या अर्ध्या मिशा गेल्या आणि धूर म्हणे जाफराबादेत दिसला.

सुजलेला हात गळ्यात बांधून मी हायवेवरच्या बूथवरून सरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “पिल्लं किती होती?”

घरी आलो. चुलता हातपाय धुऊन भाकरी खात बसला होता.

“काका, पिल्लं किती होती हो?”

त्याने बुक्कीने कांदा फोडला.

“मारताना कोन मोजतं?”