शनिवारची वखार

रंधा गेला आणि त्याच्या कौतुकाला नुसता ऊत आला. रंधा म्हणजे गावचा सुतार. कितीही तिरसट गिऱ्हाईक आलं तरी दोन शब्दांत त्याला गुळगुळीत करून पाठवायचा, म्हणून हे नाव पडलेलं. अंगणात बसून जो तो सांगत होता, असा नवरा, असा बाप शोधून सापडायचा नाही. शेळीची धार स्वतः काढायचा, लेकीला सायकलवर बसवून शाळेत सोडायचा, बायकोचं डोकं दुखलं तर चूल पेटवायचा. सुतारीण आत बसून ऐकत होती आणि मान डोलवत होती. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग वखारवाला आला. लाकडाची वखार पलीकडच्या गावात होती आणि रंधा दर शनिवारी तिथे जायला म्हणून निघायचा.

"फार दिवसांत गाठ पडली नाही हो वहिनी," वखारवाला हळहळला.

"असं कसं? शनिवारी यायचे की."

"शनिवारी? शनिवारी तर आमची वखार बंद असते."

चहा पिऊन तो गेला, पण सुतारणीच्या डोक्यात किडा सोडून गेला. भरीस भर म्हणून त्याच दुपारी एक अनोळखी बाई आली. पलीकडच्या गावातली शिंपीण, एकटी राहणारी, वयाने सुतारणीहून बरीच लहान. दारातच तिला हुंदका फुटला.

"माझं घर त्यांनीच उभं केलं हो! आणि मी त्यांना काय काय बोलले!"

पुढे तिला बोलवेना. सुतारणीला भडभडून यायच्या ऐवजी कानशिलं तापली. रंध्याला काय काय बोलायचा हक्क आजवर तिचा एकटीचा होता. तिच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं आणि आता तर येणारही नव्हतं.

तिने लेकीपाशी विषय काढला.

"आई, काहीतरीच काय तुझं! बाबा बाईमाणसाशी बोलताना जमिनीकडे बघायचे."

"सगळे जमिनीकडेच बघतात गं. कोणी वर बघायला लावेपर्यंत."

मग एकेक आठवायला लागलं. शनिवारी धुतलेला सदरा का लागायचा? परत आल्यावर "काय आणलंत?" म्हटलं की "मनासारखं लाकूडच नाही" हे ठरलेलं उत्तर का? तिने खुंटीवरचा सदरा काढून हुंगला. लाकडाचा भुसा आणि घाम. आता भुशाचाही तिला संशय यायला लागला.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची होती. सुतारीण डावरी. लग्न होऊन आली तेव्हा दूध वाढताना पहिल्याच आठवड्यात हात भाजून घेतला, कारण लाकडी पळीची चोच उजव्या हाताने ओतणाऱ्यांच्या सोयीची. सासूबाईंनी नाक मुरडलं. रंध्याने उलट्या बाजूला चोच असलेली पळी कोरली. मग तिला ओट्यापुढे उभं केलं. "डोळे मीट. मीठ घे. आता झाकण ठेव." तिचा हात जाईल तिथे तो पेन्सिलीने खूण करत गेला आणि त्या खुणांवर त्याने फळ्या, कप्पे, खुंट्या ठोकल्या. असं स्वयंपाकघर जगात दुसऱ्या बाईचं नाही, हा तिचा तोरा होता.

शनिवारी तिने रंध्याचा कोट पिशवीत घातला आणि लेकीच्या मापाचा करून घ्यायच्या निमित्ताने शिंपिणीचं घर गाठलं. खिडकीशी शिलाई मशीन, जमिनीवर चिंध्या. शिंपीण लगबगीने चहा करायला आत गेली. सुतारीणही न बोलावता मागोमाग गेली आणि उंबऱ्यातच थिजली.

मिठाचा कप्पा डाव्या हाताला. झाकणांची फळी डाव्या हाताला. खुंटीला पळी, आणि तिची चोच उलट्या बाजूला. त्याने नुसती दुसरी बाई ठेवली असती तर तिने एक वेळ गिळलंही असतं. पण हे स्वयंपाकघर तिचं होतं, आणि रंध्याने ते दुसरीला देऊन टाकलं होतं.

"तुम्हीपण डावऱ्या वाटतं?" तिने कसंबसं विचारलं.

"मी? छे हो!" शिंपीण उजव्या हाताने पातेल्यातला चहा पळीने कपात ओतत होती, निम्मा बशीत सांडत होता. "बघा ना, ही पळी! हा कप्पा! सगळं घर उलटं करून ठेवलंय."

"माप नाही घेतलं?"

"कसलं घेतात! मी एकटी बाई. म्हणाले, मी आत असताना तुम्ही अंगणात बसा, लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. मी म्हटलं, अहो, मग माप? तर म्हणे, माप आहे माझ्याजवळ. मी खिडकीतून बघायची. ओट्यापुढे डोळे मिटून उभे राहायचे, डावा हात असा हवेत फिरवायचे आणि तिथे खूण करायचे. तक्रार केली की बिचारे शनिवारी यायचे, सगळं उपटायचे, डोळे मिटायचे आणि पुन्हा तिथेच ठोकायचे! वर म्हणायचे, काम परत आलेलं घरी कळायला नको, बायको हसेल. शेवटच्या खेपेला मी फार चिडले. म्हटलं, हे कोणाचं माप घेता तरी? तर नुसते हसले. मग आलेच नाहीत." तिने पदर डोळ्यांना लावला.

सुतारणीने तिच्या हातातली पळी काढून घेतली. डाव्या हाताने दोन्ही कप भरले. बशीत थेंब पडला नाही.

शिंपीण त्या हाताकडे बघतच राहिली. "अगं बाई! म्हणजे हे..."

आणि सुतारीण रडली. ओट्याला धरून, नाक पुसायचं भान न ठेवता रडली. रागही आला तिला. सांगितलं असतं मेल्याने, तर जन्मभर हसली असती ती.

चहा पार निवला. तिने पळी धुऊन पिशवीत टाकली.

"ही मी नेते. तुम्हाला सरळ चोचीची आणून देते."

"न्या की. पण या कप्प्यांचं काय करू?"

"पुढच्या शनिवारी पेन्सिल घेऊन येते. तुम्ही इथे उभ्या राहा, डोळे मिटा. खुणा मी करते."