गाडी तीन नंबरला लागली आहे

दुपारची जेवणं आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे, आणि केतकीच्या डोळ्यांवर झोपेची साय धरू लागली आहे. देवघरापुढची शहाबादी फरशी तेवढी गार असते, म्हणून ती तिथेच भिंतीला पाठ टेकून बसते. मांडीवर लॅपटॉप, पदरात काळ्या केबलींचं भेंडोळं. शेजारी देवाच्या पाटाखाली माईंची भजनाची डबी चार्जिंगला लावलेली, तिच्यात कुणीतरी हलक्या आवाजात अभंग म्हणतं आहे. पलीकडच्या खोलीत माई, तिच्या सासूबाई, कॉटवर कलंडल्या आहेत. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

उद्या सकाळी केतकीची नणंद, विशाखावन्सं, माईंना नागपूरला घेऊन जाणार आहेत. कायमचं. माईंनी स्वतःच तसं म्हटलं. त्यांची नजर कधीचीच गेली, पण घर त्यांना कानांनी दिसायचं. नळाला पाणी आलं ते, केतकीचा पाय कुठल्या खोलीत वाजतो ते, आणि दिवेलागणीला मागच्या खोलीत अण्णांची गाडी पुलावर चढली की ते. "आता कानांनाही काही दिसत नाही गं," परवा त्या सहज बोलून गेल्या, आणि केतकीच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

अण्णा म्हणजे सासरे, शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर. मागच्या खोलीभर त्यांनी मेजावर रेल्वे मांडली होती. रद्दीच्या लगद्याचे डोंगर, बांबूच्या काड्यांचा पूल, आणि रुळांतून इंजिनांना हुकूम पाठवणारं एक कंट्रोलचं खोकं. गेल्या थंडीत अण्णा गेले, तेव्हापासून मेजावरची गाडी कुणी चालवली नाही, आणि त्यानंतर त्यांनी मागवून ठेवलेलं नवं इंजिन कुरिअरनं घरी आलं. त्याच्या पोटात वाफेच्या इंजिनाची शिट्टी आहे. "तुझ्या माहेरावरून जायची ना ती बार्शीची लहान गाडी, तिची शिट्टी ऐकवतो तुला," असं त्यांनी माईंना कबूल केलं होतं. पण जुन्या खोक्याला नव्या इंजिनाची भाषा कळत नाही. खोक्यातलं फर्मवेअर, म्हणजे त्याची आतली शिकवणी, लॅपटॉपवरून बदलावी लागते. आणि लॅपटॉपला खोकं दिसतच नाही. सकाळपासून केतकीनं ड्रॉवरमधल्या सगळ्या केबली लावून पाहिल्या, लॅपटॉप बंद करून चालू केला, खोकं बंद करून चालू केलं. पुण्याला गेलेला नवरा फोनवर म्हणाला, राहू दे आता, कुणाला तरी बोलावू नंतर. नंतर म्हणजे कधी, ते तिनं विचारलं नाही.

डबीतले टाळ वाजतात. एक ताल, दुसरा ताल. मग टाळ जरा जड होतात, लोखंडाचे होतात, रुळाच्या सांध्यावरून चाक जावं तसे खटक्-खट वाजू लागतात.

फरशी गारच आहे, पण आता ती फलाटाची आहे. बाकावर अण्णा बसले आहेत. अंगात बंडी, चष्मा कपाळावर ढकललेला, बोटांना वाळलेला डिंक.

"जेवलीस?" ते विचारतात.

"जेवले."

"आमटीत गूळ जास्त झाला होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास आला. माझ्या साखरेच्या भीतीनं इतकी वर्षं हात आखडून घालत होतीस. घाल आता मोकळ्या हातानं. मला काय होतंय?"

केतकीला हसू येतं. ती त्यांच्याशेजारी बसते. बाक लहान होत जातो, वर्गातला होतो. समोर फळा आहे, फळ्यावर खडूनं काढलेलं खोकं आणि त्याच्यापासून बरंच लांब काढलेला लॅपटॉप. मधली जागा कोरी. तिला सगळं एका दमात सांगायचं असतं, माई जाणार ते, गाडी मुकी झाली ते. पण स्वप्नात जीभ जड असते. ती नुसती पदरातल्या केबली पुढे करते.

अण्णा एकेक उचलून डोळ्यांशी धरतात. "ही शालन. ही बेबी. ही धाकटी मंगल. आणि कुसुमताई कुठंय?"

तेव्हा केतकीला आठवतं. अण्णांना बहिणी पुष्कळ, आणि राखीपौर्णिमा झाली की प्रत्येकीची राखी ते एकेका केबलीला गुंडाळून ठेवायचे. कुठली केबल कुठली, ते रंगावरून कळावं म्हणून. घरात बोलणंही तसंच चालायचं. केतकी, जरा शालनला आण. केतकी, कुसुमताईला खोक्याला लाव. ती हसून ज्या रंगाचा धागा तो उचलून द्यायची. मग अण्णा गेले. गेलेल्या माणसाच्या राख्या घरात राहू नयेत म्हणून तेराव्यानंतर माईंनी चाचपून चाचपून सगळे धागे सोडवले आणि तळ्यात सोडायला दिले. केबली धरून ठेवायला केतकीच तर बसली होती.

"धागे सोडले आम्ही," ती म्हणते. "आता सगळ्या सारख्याच काळ्या."

"बरोबरच केलं माईनं. राखी पाण्यातच जायची." अण्णा खडू उचलतात. "पण बाकीच्या बहिणी नुसत्या जेवू घालतात गं. वीज पोचवतात, तोंडातून शब्द काढत नाहीत. कुसुमताई जेवूही घालते आणि बोलतेही. तिच्याशिवाय या दोघांचं बोलणं व्हायचं नाही."

"मग ती गेली कुठं?"

"ती काय एका जागी बसणारी बाई आहे? कुठं टाळ वाजले की तिथं. देवाच्या दारात भजनाला बसली असेल."

फळा पुसला जातो. फळ्यामागे डोंगर आहे, रद्दीचा, त्यावरच्या बातम्या अजून वाचता येतात. डोंगराखाली खराखुरा फलाट, आणि भोंग्यातून माईंच्या आवाजात घोषणा होते की गाडी तीन नंबरला लागली आहे. केतकी धावायला बघते. ती उभी आहे त्या फलाटाच्या पाटीवर 'एक' लिहिलं आहे. पलीकडे लहानशी गाडी उभी आहे, तिच्या खिडकीत परकरातली कुणी मुलगी.

"मी सकाळपासून इथंच उभी आहे," केतकी म्हणते.

"तेच तर. गाडी तिकडं लागते आणि तू एक नंबरवर वाट बघत बसतेस. आधी विचारावं, कुठं लागली. मग तिथं जाऊन उभं राहावं." अण्णा हात पाठीमागे बांधून चालू लागतात, वर्गात बाकांमधून फिरायचे तसे. "आणि एकदा भरायला लागलं की हात लावू नको. उकडीच्या मोदकांवरचं झाकण मध्येच काढतेस का?"

"नाही."

"तसंच."

ती त्यांच्यामागून चालते. फलाटाची आता मागची खोली झाली आहे, आणि ती नवी नवरी आहे, हातात हिरवा चुडा. अण्णा तिच्या हातात पिवळ्या मुठीची, तारांना डाग देऊन जोडायची गरम कांडी देत आहेत. सुनेचं बोट चुलीवर भाजतंच, इथंही जरा भाजू दे, असं ते तेव्हा म्हणाले होते. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा दोन तारा जोडल्या आणि पुलावरचा दिवा लागला. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. 'शाब्बास' हा शब्द तिनं किती वर्षांनी ऐकला होता.

"अण्णा," ती म्हणते, "मला या घरात तुम्ही..."

"आभार मानणार आहेस? घरात कुणी आभार मानतं का, वेडे." ते बंडीच्या खिशात चाचपतात, एक लाल धागा काढून तिच्या बोटाला गुंडाळतात. त्यांची बोटं डिंकानं खरखरीत आहेत आणि ऊन आहेत. "तुझ्यामुळं माझी गाडी एकट्याची राहिली नाही. जा आता. माई वाट बघतेय."

"तुम्ही?"

"मी पुलापाशी असतो."

चाकं थांबतात. टाळ थांबतात. अभंग संपून डबी गप्प झाली आहे, आणि केतकीच्या कपाळावर माईंचा तळवा आहे.

"किती बोलत होतीस झोपेत," माई म्हणतात. "ताप नाही ना?"

केतकी त्यांच्या तळव्याखालीच नकारार्थी मान हलवते. ती आपल्या बोटाकडे बघते. बोटाभोवती धागा नाही. पण नखाच्या कडेला काहीतरी चिकटलं आहे, केसाएवढं बारीक, लाल, आणि उन्हाच्या तिरिपेत मध्येच सोनेरी चमकणारं. मग तिची नजर पाटाखाली जाते. भजनाच्या डबीला लावलेली केबल आखूड आहे, जाड आहे. टोकाजवळ तिच्यावर एक कडं उमटलं आहे, बाकी केबल मळकट आणि तेवढीच बोटभर काळीभोर, जशी बांगडी काढल्यावर मनगटाची कातडी उजळ दिसते.

"माई, ही केबल घेऊ थोडा वेळ?"

"घे की. माझं ऐकून झालंय."

ती केबल खोक्याला लावताच लॅपटॉप टुणकन वाजतो. इतका लहान आवाज, पण केतकीला भरून येतं. तरी प्रोग्रॅम हटूनच, खोकं सापडत नाही म्हणतो. ती घाबरत नाही. कुठं लागली ते आधी विचारते. लॅपटॉप सांगतो, पोर्ट तीन. प्रोग्रॅम अजून पोर्ट एकवर डोळे लावून बसलेला. ती त्याला हाताला धरून तीनवर नेते. पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू भरू लागते, आणि केतकी हात मांडीखाली दाबून बसते, मोदकांच्या पातेल्यासमोर बसावं तशी.

दिवेलागणीला ती माईंना मागच्या खोलीत आणते, त्यांचे हात मेजाच्या कडेवर ठेवते. नवं इंजिन स्टेशनातून हलतं, वळण घेतं, आणि पुलावर चढताना शिट्टी देतं. लांबलचक, शेवटाला जराशी चिरकणारी.

माईंची बोटं कडेवर घट्ट होतात. मग ओठांतल्या ओठांत, माहेरी जात्यावर बसल्यासारख्या, गुणगुणतात,

लेक निघाली सासरी, गाडी पुलाच्या वरी गं
शिट्टी वाजते एकदा, जीव राहतो माहेरी गं

गाडी दुसऱ्यांदा पुलावर येते. "विशाखाला विचार," माई म्हणतात, "दिवाळीनंतर नेलं तर चालेल का. तिला राग यायचा नाही असं विचार." मग गालांवरून पदर फिरवून हात पुढे करतात. "आणि माझी डबीची तार दे, सकाळी लागेल."

"ही नाही आता मिळायची. तुम्हाला दुसरी देते," केतकी म्हणते. तो लाल-सोनेरी तंतू तिनं केबलीच्या त्या काळ्याभोर कड्यावर, त्याच्या जुन्या जागी, डिंकाच्या थेंबानं चिकटवला आहे. ती तीच केबल माईंच्या पुढे केलेल्या हातावर ठेवते. माई टोकापर्यंत बोटं नेतात, आणि तिथं थांबतात. अंगठ्यानं पुन्हा एकदा चाचपून बघतात.

"ही कुसुमवन्संची जरतार," त्या हळूच म्हणतात. "त्यांच्याच राखीला अशी खरखरीत असायची. मी तर सगळ्या तळ्यात सोडायला दिल्या होत्या."

केतकी इंजिनाचा वेग जरा कमी करते. माईंचा अंगठा त्या तंतूवरच राहतो. गाडी पुलाकडे वळते आहे.