सुट्या चाकांची गाडी

माझा नवरा मोटारीचा मिस्त्री होता. मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागं त्याचं टिनाचं शेड होतं. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायची आणि मनात 'अरे'. इथं मनातलंच लिहिते. माणूस तापट, फटकळ, आणि हट्टी तर असा की वरणात मीठ जास्त पडलं हे मी आपणहून कबूल केलं, तरी 'जास्त नाही, कमीच हाय' म्हणून भांडेल. स्वतःची चूक त्यानं कधी कबूल केली नाही. देवापुढं हात जोडायचा तोही हिशेब विचारल्यासारखा.

माझं माहेर केनवडच्या आतल्या अंगाला, सडकेपासून दूर. धाकटा भाऊ तिथला धुरकरी होता. शंकरपटात बैलजोडी हाकणाऱ्याला आमच्याकडं धुरकरी म्हणतात. जोडी त्याच्या हातात आली की सगळं गाव बांधावर चढून उभं राहायचं. एका हिवाळ्यात त्याची पाठ धरली. लचक भरली म्हणून तेल चोळलं, शेक दिला, दर्ग्याचा अंगारा लावला. मग पाठीवर उंचवटा आला. केनवडच्या बाजाराला येणाऱ्या डॉक्टरानं हात लावून सांगितलं, मणक्याला क्षय झाला आहे. अकोल्याला न्या. तिथं प्लास्टरात निजवून ठेवतील, औषध देतील, पाय वाचतील. पण नेताना धक्का लागू देऊ नका. मणका सरकला की पाय गेले.

सांगायला काय जातं! बंडीत कडबा पसरून त्याला निजवलं, तर गावाची वेस यायच्या आत त्याची किंकाळी ऐकून बैलच थांबले. बाजेवर उचलून पाहिलं, तर माणसांच्या चालीनं बाज हिसकायची आणि त्याचे डोळे फिरायचे. शेवटी पुन्हा घरात आणून निजवला. पायाची बोटं तेवढी हालत होती. माय रोज सकाळी चादर सारून बोटं पाहायची. "हालव बरं बापा," म्हणायची. तो हालवायचा, मग ती चूल पेटवायची.

शेडमध्ये एक जुनी ठेंगणी मोटार पडून होती. एका जिनिंगवाल्या शेठनं नवी घेतली आणि ही नवऱ्याच्या गळ्यात घातली. तिची मागची दोन्ही चाकं एकाच लोखंडी आसावर, बंडीसारखी. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलायचं आणि आतलं माणूस उडायचं. नवऱ्यानं अकोल्याच्या भंगारातून उलटलेल्या एका जर्मन गाडीचा मागचा भाग आणला. त्यात प्रत्येक चाकाचा आस वेगळा, मधोमध सांध्यावर हालणारा.

"हे चाक खड्ड्यात गेलं तरी त्या चाकाले खबर नाही," तो म्हणाला. "तुझा भाऊ पाळन्यात निजल्यावानी अकोल्याले जाते, पाहून घे."

"पन ते जर्मन गाडी उलटली काहून?"

"हाकनाऱ्याच्या अकलीनं."

होळीपासून तो त्या गाडीमागं लागला होता. जुना आस कापून काढला, नवे तोडून-जोडून बसवले, स्प्रिंगांचे पाटे फिरवून लावले. जमेना तेव्हा पान्हा भिंतीवर फेकायचा आणि मला शिव्या द्यायचा. जमलं की पुन्हा मलाच बोलवायचा. शेवटी मागं ज्वारीची पोती भरली, त्यावर काठोकाठ पाण्याचा गडवा ठेवला आणि खाचखळग्यातून चक्कर मारून आला. म्हणे थेंब सांडला नाही. सांडला होता थोडा, पोतं ओलं होतं. पण मी बोलले नाही, कारण मलाही ती गाडी चांगली व्हायला हवी होती. त्या गाडीवर माझ्या भावाचे पाय होते.

अखाजीच्या सणानंतर, नाल्याला पाणी यायच्या आत, आम्ही गावी गेलो. पुढचं बाजूचं सीट काढून मागपर्यंत फळी टाकली, वर गादी. भावाला धरून आत सरकवला, मी त्याच्या उशाशी मुडपून बसले. गाडी निघाली. मी डोळे मिटून किंकाळीची वाट पाहत होते. वेस आली, वेस गेली. चाकोरीत चाकं पडली, निघाली. किंकाळी नाही.

"बाई," भाऊ म्हणाला, "हे तं खरंच पाळन्यावानी हालून राह्यलं!"

आणि तो हसला. किती महिन्यांनी! मला रडूच कोसळलं. पुढून नवरा म्हणाला, "रडतं कायले? म्या सांगतलं नव्हतं?"

गावाबाहेर नाला आहे. उतार सरळ खाली, तळाशी रेती आणि लगेच वळण. बंडी उतरवायची आमची एक रीत होती. उतारावर चार माणसं बंडीला मागून लटकायची, म्हणजे भार बैलांच्या मानेवर येत नाही. तळाशी आलं की धुरकरी ओरडायचा "सोडा!" मग सगळे एकदम सोडायचे आणि बैल त्या झोकात पलीकडचा चढ चढून जायचे. निरोप द्यायला आलेली माणसं उतारावर आपसूकच गाडीला मागून लटकली. नवऱ्यानं वळून पाहिलं.

"लटका रे, लटका! वजनानं दबून राह्यते, चांगलंच हाय."

गाडी लोण्यासारखी उतरली. भावानं डोळे मिटले होते. कोण जाणे, त्याला आपण बंडीवरच आहोत असं वाटलं असेल. तळ आला, गाडी वळणाला लागली, आणि तो अगदी पूर्वीच्या खणखणीत आवाजात ओरडला, "सोडा!"

त्या नाल्यात त्या आवाजाचं सगळ्यांनी कायम ऐकलं होतं. सगळ्यांनी एकदम सोडलं. दबलेली गाडी मागून उसळली, आणि मागची दोन्ही सुटी चाकं मधल्या सांध्यावर, नव्या वासराच्या पायांसारखी आत दुमडली. गाडी हळूच, अगदी हळूच, कुशीवर पडली.

भाऊ माझ्या अंगावर होता. रडत नव्हता. "बाई, दुखत नाही," तो म्हणाला. मला आनंद झाला, खरंच झाला. मग मी चादर सारली.

"बोटं हालव बरं बापा."

"हालवूनच तं राह्यलो," तो म्हणाला.

बोटं हालत नव्हती.

अकोला राहिलंच. त्याला त्याच घरात, त्याच जागी निजवला. नाल्यातलं त्याला काही आठवत नव्हतं, माणसांनी एकदम सोडलं आणि गाडी पडली एवढं कानावर आलं होतं. लटकलेली माणसं दारात उभी होती, त्यांना त्यानं विचारलं, "तुमी एकदम काहून सोडलं? सोडा कोन म्हनलं?" माणसं खाली पाहू लागली. तेव्हा नवरा पुढं झाला. "म्या म्हनलं," म्हणाला.

तिथून पुढं भाऊ त्याचं तोंड पाहीना. पाठीला जखमा झाल्या, त्यात पू झाला. दर बाजारच्या दिवशी नवरा मंगरूळवरून यायचा, बादलीभर पाणी तापवायचा, त्याला कुशीवर करून जखमा धुवायचा. आणि भाऊ पडल्या-पडल्या त्याला शिव्या घालायचा. पांगळा केला मला, खुनी आहेस, म्हणायचा. शेजारपाजारचे ऐकायचे. गाडी नवऱ्यानंच केली होती, लटका तोच म्हणाला होता. त्याचा वाटा होताच, मी नाही म्हणत नाही. पण तो शब्द त्याचा नव्हता. एकदा मला सहन झालं नाही. परसात त्याला गाठून म्हटलं, "सांगून टाका ना खरं."

तो माझ्या अंगावर धावून आला. "खबरदार! पाय गेले त्याचे. आता हेबी त्याच्याच डोक्यावर देतं का?"

दुसऱ्या हिवाळ्यात भाऊ गेला. शेवटच्या दिवशी शिव्या द्यायचीही ताकद नव्हती. नवऱ्यानं वाटीतलं पाणी त्याच्या ओठाशी नेलं. त्यानं ओठ मिटून घेतले. मग बारीक आवाजात विचारलं, "भाऊजी, काहून म्हनलं तुमी सोडा?"

नवऱ्यानं वाटी तशीच त्याच्या ओठाशी धरली.

"चुकलं रे बापा," तो म्हणाला. "माहं चुकलं. पानी पे."

भावानं तोंड भिंतीकडं फिरवलं.