इंदापूरपर्यंत लागलेली झोप

सासऱ्यांचा कॅन्सर पसरल्यावर डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. नवरा कंपनीत कामाला, त्यामुळे आबांना भरवणं, त्यांचं अंग पुसणं, त्यांना कुशीवर वळवणं चार महिने माझ्याकडंच होतं. एकदा शेजारच्या काकूंना त्यांच्यापाशी बसवून मी बारामतीला दुखण्याच्या गोळ्या आणायला गेले. परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

कंडक्टरनं हाक मारून उठवलं, "ताई, इंदापूर आलं."

आमची काटेवाडी कधीच मागं गेली होती. घाबरून मी लगेच परतीची गाडी धरली. घरी पोचायला दोन तास उशीर झाला. आबा दाराकडं तोंड करून पडले होते, कपाळावर दुखण्याचा घाम होता. मला रडूच आलं.

"आबा, गाडीत झोप लागली वो. पार इंदापूरला गेले."

 ते म्हणाले, "झाली का गं झोप?"

"व्हय."

संध्याकाळी नवरा आल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "रविवारी तू बस हितं. तिला निजू दे."

तसे तीन रविवार मी दुपारभर झोपले. चौथ्या रविवारच्या आधी आबा गेले.